आदिमानवापेक्षा आपण श्रेष्ठ कसे ठरावे?

आदिमानवाशी आपली तुलना अवश्य करावी. मात्र तराजू आणि वजने दोन्ही, मोंढ्यातल्या मुरलेल्या आडत्याप्रमाणे, आपल्याच हाती ठेवावीत. एवढे पथ्य पाळले, तर निकाल आपल्या विरुद्ध जाण्याची भीती उरत नाही.

आरंभ मेंदूपासून करावा. इथिओपियात 1974 साली जिचा सांगाडा सापडला, ती 32 लाख वर्षांपूर्वीची ‘ल्युसी’ जेमतेम साडेतीन फूट उंचीची होती आणि तिच्या जातकुळीचा मेंदू आपल्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांश भरत असे. हे वाक्य ठासून म्हणावे आणि लगेच विषय बदलावा, कारण पुढे निअँडरथल हा आपला नामशेष झालेला भाऊबंद येतो आणि त्याचा मेंदू आपल्याएवढाच, किंबहुना सरासरीने थोडा मोठाच होता. त्यातून जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या चमूने 2010 मध्ये निअँडरथलच्या जनुकांचा आराखडा मांडून एक नाजूक गोष्ट उघड केली: आफ्रिकेबाहेरच्या माणसांमध्ये या निअँडरथलांचा सुमारे दोन टक्के वारसा आहे. संशोधनाला 2022 चे नोबेल मिळाले ते ठीक. परंतु सोयरीक जुळवताना सात पिढ्यांची कुळी उकरणाऱ्या आपल्या पाहुण्यांसमोर हा तपशील काढू नये. बैठक मोडेल.

हत्यारांचा मुद्दा मात्र बिनधोक आहे. दोन्ही बाजूंनी छिलून घडवलेली दगडी हातकुऱ्हाड सुमारे 17 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत अवतरली आणि पुढे दहा लाखांहून अधिक वर्षे तिच्या घाटात फारसा फरक पडला नाही. छत्रपती संभाजीनगरहून नगरकडे जाताना लागणाऱ्या नेवाशाच्या परिसरात, प्रवरेच्या काठीही अशी हत्यारे मिळाली आहेत. इतका काळ एकच वस्तू वापरून समाधानी राहणाऱ्या या माणसाला हप्त्यावर मोबाईल घेण्याचे सुख ठाऊक नव्हते, याबद्दल हळहळ व्यक्त करावी.

पाण्याच्या बाबतीत तर आपला विजय निर्विवाद आहे. आदिमानव नदीनाल्यांच्या आणि तळ्यांच्या आसऱ्याने राही. पाणी आटले की बिचारा चंबूगबाळे उचलून पाण्याकडे चालू लागे. आपण असे पळपुटे नाही. आपण आधी पाऊस बेताचा असलेल्या मुलखात ऊस लावतो, मग उसासाठी शेजाऱ्याहून खोल बोअर घेतो, तेही कोरडे गेले की मशीनवाल्याला आणखी शंभर फूट जायला सांगतो, आणि धुरळ्याखेरीज काही वर येईना तेव्हा सरकारला जाब विचारतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून चक्क रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर. पाण्यामागे माणसे धावण्याऐवजी माणसांमागे पाणी रुळांवरून धावले, हे आदिमानवाच्या स्वप्नातही आले नसते. उसाचे क्षेत्र तेवढे या प्रसंगी मोजू नये.

आता एका अडचणीच्या कवटीविषयी सावध करणे भाग आहे. जॉर्जिया देशातील द्मानिसी येथे सुमारे 17 लाख 70 हजार वर्षांपूर्वीची एक कवटी आणि तिचा जबडा मिळाला. त्या व्यक्तीचे एक वगळता सगळे दात पडलेले होते आणि दातांच्या खोबणी हाडाने भरून आल्या होत्या. म्हणजे दात गेल्यावरही ती काही वर्षे जगली. तिला कोणीतरी मऊ अन्न दिले असावे, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. आपल्याकडे गावातल्या घराच्या ओसरीवर बसलेली आई सकाळची ज्वारीची भाकरी पाण्यात भिजवून हिरड्यांनी चघळत असते, आणि पुण्याला स्थायिक झालेले चिरंजीव तिचा जुना फोटो ‘माझे दैवत’ म्हणून स्टेटसला ठेवतात. या दोन दृश्यांची तुलना टाळणेच इष्ट. टळत नसेल, तर शासनाकडे बोट दाखवावे: द्मानिसीत श्रावणबाळ योजना नव्हती, आपल्याकडे दरमहा दीड हजार रुपये थेट खात्यावर जमा होतात. मग पेन्शन नसताना त्या दंतहीन जिवाला कोणी आणि कशाच्या आशेने पोसले, अशी शंका कोणी काढलीच, तर तिकडे दुर्लक्ष करून आईचे पासबुक तेवढे भरून आणावे.