दोन गुणांची भांडणे

घरात फॉर्म्युला वन मोटारशर्यती पाहणारा माणूस एकच असेल, तर रविवार सुखाचा जातो. दोन असतील, तर वाद होतो. आणि ते दोघे बापलेक असतील, तर तिसऱ्या कोणाला तरी पंच व्हावे लागते. हे पद माझ्याकडे नात्याने चालत आले आहे, कारण मी मुलाचा मामा आणि बापाचा मेव्हणा आहे. दाजी मायकेल शूमाकरचे निष्ठावंत आहेत आणि भाचा मॅक्स व्हर्स्टापेनचा. पंचाला मानधन नसते, त्याचा निकाल कोणी मानत नाही, आणि शर्यतीतला निर्णायक क्षण नेमका दोघे एकाच वेळी त्याच्याकडे वळून "आता तुम्हीच सांगा" असे म्हणत असताना निघून जातो.

वादाचा विषय ठरलेला आहे. आजच्या चालकांपैकी कोणी शूमाकरचे विक्रम मोडू शकेल का? खरे पाहता हा प्रश्न आता शिळा वाटायला हवा, कारण बहुतेक विक्रम केव्हाच मोडले आहेत. २००६ साली चीनमध्ये शूमाकरने कारकिर्दीतला ९१ वा विजय मिळवला, तेव्हा हा आकडा आपल्या नातवंडांनाही पुरेल, असे दाजींनी जाहीर केले होते. तो १४ वर्षे पुरला. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूरबर्गरिंगला लुईस हॅमिल्टनने ९१ ची बरोबरी केली, तेव्हा शूमाकरच्या मुलाने वडिलांचे लाल हेल्मेट त्याला भेट दिले. दाजींनी त्या वेळी चष्मा पुसण्यात बराच वेळ काढला. पुढच्याच शर्यतीत, पोर्तुगालला, हॅमिल्टन ९२ वर गेला. शूमाकरच्या ६८ पोलचा, म्हणजे शर्यत पहिल्या जागेवरून सुरू करण्याचा, विक्रम तर त्याने २०१७ सालीच मॉन्झाला मोडला होता, आणि २०२० संपेपर्यंत सात विजेतेपदांचीही बरोबरी झाली.

दाजींनी हार मानली असे मात्र कोणी समजू नये. विजयांची संख्या गेली, तेव्हा ते टक्केवारीवर आले. शूमाकर निवृत्तीनंतर परत आला, ती पुनरागमनाची तीन वर्षे वगळायची, कारण "तो हौसेने आला होता", आणि मग भागाकार करायचा, असा त्यांचा नियम आहे. त्यावर भाच्याने फांजिओला मैदानात उतरवले. अर्जेंटिनाच्या हुआन मान्युएल फांजिओने ५१ शर्यतींत २४ विजय मिळवले, म्हणजे जवळजवळ निम्मे. टक्केवारीच लावायची, तर शूमाकर, हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन या तिघांनीही त्याच्यापुढे टोपी काढायला हवी. दाजी उसळून म्हणाले, "अरे, त्या काळी सहकाऱ्याची गाडी मागून घेता येत होती!" हेही खरेच आहे. १९५६ साली मॉन्झाला फांजिओची गाडी बिघडली, तेव्हा पीटर कॉलिन्स या सहकाऱ्याने पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्ती-थांब्यावर, उतरून आपली गाडी त्याला देऊन टाकली, आणि फांजिओ विश्वविजेता झाला. विजेतेपदाची संधी कॉलिन्सला स्वतःलाही होती, हे लक्षात घेतले म्हणजे आजच्या चालकांची शर्यतीत संघाशी रेडिओवर चालणारी संभाषणे ऐकवत नाहीत.

पंचाच्या कामात सर्वांत त्रासदायक वाद तो असतो, ज्यात दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. दाजी म्हणतात की १९५० साली हंगामात सात शर्यती होत्या, २००४ साली १८ आणि २०२४ साली २४, तेव्हा मोजणीचे विक्रम पोरासोरांनीही मोडावेत. भाचा म्हणतो की शूमाकरच्या काळी सरावावर आजच्यासारखे निर्बंध नव्हते, त्याच्या फेरारी संघाच्या दाराशी फिओरानोची स्वतःची शर्यतपट्टी होती, आणि ब्रिजस्टोनचे टायर जणू त्याच्याच मापाने शिवून येत होते. मी दोघांनाही मान डोलावून दाद देतो आणि दोघांच्याही शिव्या खातो. एकदा भाच्याने एकूण गुणांची बेरीज पुढे केली, तेव्हा मात्र मी पंचाच्या अधिकारात ती फेटाळली. सुरुवातीला विजयाला ८ गुण मिळत, १९६१ पासून ९, १९९१ पासून १० आणि २०१० पासून २५ मिळतात. एवढी भाववाढ झाल्यावर आजोबांच्या पगाराची नातवाच्या पगाराशी तुलना करण्यात काय अर्थ आहे?

शूमाकरच्या नावावर आता दोन मोठ्या गोष्टी उरल्या आहेत. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी ७७ वेळा मारण्याचा विक्रम मी बाजूला ठेवतो, कारण पुढेमागे पुरेसे अंतर असलेला कोणीही शेवटी नवे टायर चढवून अशी फेरी मारू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे २००० ते २००४ अशी सलग पाच विजेतेपदे, आणि आमच्या घरातले खरे महाभारत तिच्यावरून घडते.

सलग चारपर्यंत बरेच जण पोहोचले आहेत. फांजिओ १९५४ ते १९५७ अशी चार विजेतेपदे घेऊन थांबला. तेव्हा त्याचे वय ४६ होते आणि पुढच्याच वर्षी त्याने निवृत्ती घेतली. सेबॅस्टियन व्हेटेलने २०१० ते २०१३ अशी चार घेतली आणि शेवटचा हंगाम सलग नऊ विजयांनी संपवला; पण २०१४ मध्ये हायब्रिड इंजिने आली आणि त्या वर्षी त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही, उलट त्याच संघातल्या डॅनियल रिकार्डोने तीन जिंकल्या. हॅमिल्टनने २०१७ ते २०२० अशी चार घेतली आणि २०२१ च्या शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत पाचवे गमावले. त्याच्याबाबतीत आणखी एक सल आहे. २०१४ आणि २०१५ ही विजेतेपदेही त्याचीच होती. मध्ये २०१६ साली निको रॉसबर्गने त्याला पाच गुणांनी हरवले, आणि त्या वर्षी मलेशियात आघाडीवर असताना हॅमिल्टनचे इंजिन पेटले होते. ते इंजिन धड राहते, तर कदाचित सलग सात झाली असती आणि मला पंचगिरीतून मुक्ती मिळाली असती. रॉसबर्गने मात्र जिंकल्यावर पाचच दिवसांत निवृत्ती जाहीर केली. असा शहाणा माणूस या खेळात मी दुसरा पाहिलेला नाही.

या पाचव्यावर दाजींचे म्हणणे असे, की शूमाकरसारखा चिकाटीचा माणूस पुन्हा होणे नाही. मी त्यांना दर वेळी २००३ सालच्या जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीची आठवण करून देतो आणि दर वेळी त्यांचा चेहरा पडतो. आदल्या वर्षी शूमाकरने १७ पैकी १७ शर्यतींत पहिल्या तिघांत येऊन जुलैतच विजेतेपद खिशात घातले होते, आणि त्यानंतर गुणांची पद्धत बदलली होती. दुसऱ्याला सहाऐवजी आठ गुण, आणि सहा जणांऐवजी आठ जणांना गुण. परिणामी हंगामात एकच शर्यत जिंकलेला किमी रायकोनेन, सहा जिंकलेल्या शूमाकरच्या मागे शेवटच्या दिवसापर्यंत लागून राहिला. सुझुकाला पात्रता फेरीत पाऊस आला आणि शूमाकर चौदाव्या जागेवरून निघाला. काही फेऱ्यांतच ताकुमा सातोच्या गाडीला घासून त्याने पुढचा पंख मोडला, तो बदलायला पिटमध्ये गेला आणि पार शेवटी फेकला गेला. तिथून चडफडत वर येत असताना शेवटी शेवटी त्याचा सख्खा भाऊ राल्फच मागून त्याच्यावर आदळला. भाऊबंदकी म्हणतात ती हीच! एवढे होऊन तो आठवा आला, त्याला एक गुण मिळाला, आणि विजेतेपदाचा निकाल ९३ विरुद्ध ९१ असा लागला. दाजी ज्याला अभेद्य म्हणतात, त्या साखळीतली चौथी कडी दोन गुणांवर लोंबकळत होती.

आता २०२५ घ्या. व्हर्स्टापेनची सलग चार विजेतेपदे झाली होती आणि पाचवे हातातून गेल्यात जमा होते, कारण ऑगस्ट संपताना तो आघाडीवरच्या ऑस्कर पियास्त्रीच्या १०४ गुण मागे होता. दाजी तेव्हा मुलाशी इतक्या प्रेमाने वागत होते, की ताईला संशय आला. मग व्हर्स्टापेन एकेक शर्यत जिंकत सुटला, दाजींचे प्रेम आटत गेले, आणि डिसेंबरमध्ये अबुधाबीची शेवटची शर्यतही त्यानेच जिंकली. लँडो नॉरिस तिसरा आला आणि ४२३ विरुद्ध ४२१ असा विश्वविजेता झाला. पुन्हा दोनच गुण! एका साखळीला जोडून ठेवणारे आणि दुसरीला तोडणारे.

दाजींनी टीव्ही बंद होण्याच्या आत बार्सेलोना काढले. जूनमधल्या त्या शर्यतीत जॉर्ज रसेलच्या गाडीला धडक दिल्याबद्दल व्हर्स्टापेनला दहा सेकंदांची शिक्षा झाली होती आणि तो पाचव्यावरून दहाव्या क्रमांकावर गेला होता, म्हणजे दहा गुणांऐवजी एक गुण. "नऊ गुण रागापायी घालवले. माझ्या शूमाकरने असे कधी केले नसते," असे दाजी म्हणाले. ज्या माणसाला १९९७ साली जाक व्हिलनव्हला धडक दिल्याबद्दल त्या हंगामाच्या क्रमवारीतूनच बाद केले होते, त्याच्याविषयी हे वाक्य ऐकून भाच्याला ठसका लागला. मी पाणी आणून दिले; पंचाला हेही करावे लागते.

माझा स्वतःचा निकाल असा आहे, की शूमाकर आणि हॅमिल्टन यांनी ज्याची वाट पाहिली ते आठवे विजेतेपद कोणी ना कोणी मिळवील, कारण हल्ली चालक किशोरवयात येतात आणि चाळिशी ओलांडली तरी जागा सोडत नाहीत. पण सलग पाचचा विक्रम सहजी मोडणार नाही. एकच माणूस जिंकू लागला, की प्रेक्षक कंटाळतात, प्रतिस्पर्धी तक्रार करतात, आणि नियम करणाऱ्यांना एकाएकी सुधारणा सुचतात. खुद्द शूमाकरचेही तसेच झाले. २००५ साली शर्यतीत टायर बदलण्यावर बंदी आली आणि त्या वर्षी त्याला एकच विजय मिळाला, तोही इंडियानापोलिसला, जिथे मिशेलिनचे टायर वापरणाऱ्या साऱ्या गाड्यांनी माघार घेतल्यामुळे सहाच गाड्या धावल्या. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वेगाने जाणे जमते, पण आपल्यामुळे बदलणाऱ्या नियमांपेक्षा पाच वर्षे पुढे राहणे फार कठीण आहे.

या निकालावर बापलेकांचे प्रथमच एकमत झाले, की तो साफ चुकीचा आहे. दाजींच्या मते मी शूमाकरची कर्तबगारी नियमांच्या खात्यावर जमा केली, आणि भाच्याच्या मते व्हर्स्टापेनची गेलेली संधी त्याच खात्यातून वळती केली. मग भाच्याने हिशेब मांडला: २०२६ पासून इंजिन आणि गाडी या दोन्हींचे नियम नवे, म्हणजे सगळ्यांचीच पाटी कोरी, व्हर्स्टापेनने तिथून सुरुवात केली, तर २०३० साली सलग पाच. दाजी म्हणाले की पाच म्हणजे बरोबरी, मोडायला सहा लागतात, तेव्हा २०३१. भाचा म्हणाला की नॉरिसचे पहिले झालेच आहे, त्यामुळे तो २०३० मध्येच सहा करू शकतो. दाजींनी विचारले, "म्हणजे आता तू नॉरिसकडे गेलास का?" त्यावर दोघेही माझ्याकडे वळले.