पंधरावा भुंगा

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या ओट्यावर माणसं जमली. चाळीसगाव तालुक्यात पोरगा पास झाला की आधी पेढा देतात आणि तो विरघळायच्या आत विचारतात, "मंग भो, पुढे काय करशी?" तोंडात पेढा असताना बोलता येत नाही, एवढीच काय ती सोय. त्या दिवशी मी अकरा पेढे खाल्ले.

ज्याला काहीच आवडत नाही त्याचं बरं असतं. घरचे ढकलतात, तो जातो. माझी पंचाईत उलटी होती. मी भजनी मंडळात तबला वाजवायचो. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बिघडला की वायरमनच्या आधी मला हाक यायची. गणपतीची आरास माझ्याकडे, आजीच्या तोंडचे अहिराणी शब्द एका शंभर पानी वहीत, आणि उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर झोपलो की ताऱ्यांची मोजदादही माझ्याचकडे. शेव-भाजीवर तर्री आणायची तर मसाला किती भाजायचा यावर मी आईशी वाद घालायचो, आणि दोनदा जिंकलोही होतो.

त्या वर्षांत बोर्ड दहावीच्या पोरांची कल चाचणी घ्यायचं. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, अगदी गणवेशधारी सेवासुद्धा. पोराचा ओढा कुठे आहे ते कागदावर छापून यायचं. माझा सगळीकडे जवळपास सारखाच आला. वर्गशिक्षकांनी कागद उलटसुलट पाहिला.

"प्रश्न वाचून उत्तरं दिलीस ना रे?"

"हो सर."

"गणवेशधारी सेवेतही आवड? तू तर शाळेचा शर्टही खोचत नाहीस."

घरी आप्पांनी तो कागद कापसाच्या भावाच्या पट्टीसारखा दूर धरून वाचला. माझा कल सपाट आहे, असं मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "उतार नसला की वावरात पाणी तुंबतं." पुढे दोन दिवस ते बोलले नाहीत.

मग सल्ले सुरू झाले. तात्यांनी "एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणून विषय मिटवला. मामा भुसावळला रेल्वेत. त्यांना सगळं जग रुळांवरच दिसतं. ते म्हणाले, "जायचं कुठे ते ठरत नसेल तर भुसावळचं तिकीट काढावं. तिथून नागपूरला गाडी आहे, खंडव्याकडे आहे, मुंबईला तर आहेच. सायन्स म्हणजे भुसावळ. बारावीनंतर आर्ट्सला वळता येतं, कॉमर्सलाही येतं. उलटं येत नाही." "आणि आर्ट्स?" मी विचारलं. "चाळीसगाव-धुळे गाडी. धुळ्याला जाते आणि संपते." (धुळ्याच्या आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मामांना दुसरा चहा विचारला नाही.)

भुसावळला उतरल्यावरही निवड टळत नाही, हे मामांनी सांगितलं नाही. इंजिनिअरिंगला गणित लागतं, तो ए ग्रुप. डॉक्टरकीला जीवशास्त्र, तो बी. "दोन्ही ग्रुप ठेव," असं प्रत्येकजण म्हणायचा. हे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही दोन्ही ठेवलेले नव्हते.

मला सारखी आठवत होती ती नववीतली पाटणादेवीची सहल. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलात ते देऊळ आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढल्याचा सन १२०७ चा शिलालेख तिथला. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पेशाने डॉक्टर! म्हणजे बी ग्रुपचा माणूस शिलालेख वाचत फिरला आणि त्याला कुणी तात्या भेटले नाहीत. खुद्द भास्कराचार्यांचं तर विचारूच नका. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. अंकगणित, बीजगणित, ग्रहांची गती, आकाशाचा गोल, आणि सगळं वृत्तबद्ध श्लोकांत. त्यांना अकरावीच्या खिडकीवर उभं केलं असतं तर?

देवळामागच्या दगडावर बसून गणिताच्या सरांनी 'लीलावती'तलं भुंग्यांचं गणित सांगितलं होतं. थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. उरला एक. त्याला एकाच वेळी केतकीचाही वास येतो आणि मालतीचाही, म्हणून तो हवेतच इकडून तिकडे घिरट्या घालतो. तर एकूण भुंगे किती? पोरांनी पटकन पंधरा सांगितलं आणि डबे उघडले. मी विचारलं, "सर, त्या पंधराव्याचं पुढे काय झालं?" सर म्हणाले, "ते परीक्षेला नाही."

प्रवेशाचा फॉर्म आणला. तीन चौकोन, आणि खाली बजावलेलं : कोणत्याही एकाच पर्यायावर खूण करावी. मी पेन्सिलीने कलेवर केली, खोडली. विज्ञानावर केली, खोडली. रात्री तबल्याचा सराव झाल्यावर पुन्हा कलेवर. सकाळी विहिरीवर स्टार्टर दुरुस्त करून आल्यावर विज्ञानावर. वाणिज्यालाही एकदा उगाच संधी दिली, त्याला वाईट वाटायला नको. शेवटच्या तारखेपर्यंत खोडरबराने त्या जागी कागद बोंडअळीने खाल्ल्यासारखा झाला होता. उजेडात धरला की मधून पलीकडचं कडुनिंबाचं झाड दिसायचं.

खिडकीवरच्या क्लार्कने त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. "हे काय?"

"शाखा."

"नवीन फॉर्म दहा रुपये."

खिशात दहाच होते, वडापावचे. मागे रांग कुरकुरत होती, जेवणाची सुटी व्हायला चार मिनिटं उरली होती. क्लार्कने माझं नाव विचारलं, टक्के विचारले आणि स्वतःच फॉर्म भरून शिक्का मारला. पोच हातात आल्यावर पाहिलं : विज्ञान. सकाळपासून साठ-सत्तर पोरांचं विज्ञान भरून भरून त्याच्या हाताला तेच वळण पडलं होतं. त्याने मला विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, उपाशी असूनही हलकं वाटलं.

आता गणितात एम.एस्सी. करतोय. एकादशीला तबला आहे, गावातले स्टार्टर आहेत, आजीच्या शब्दांची तिसरी वही चालू आहे. पेढे बंद झाले, पण प्रश्न तोच.

परवा आजी ओट्यावर गोधडी शिवत बसली होती. कुठेतरी वाचलेलं तत्त्वज्ञान मी तिला ऐकवलं. म्हटलं, तात्या मला चिंध्या म्हणतात, पण बघ, चिंध्यांचीच गोधडी होते. आजीने चष्म्यावरून पाहिलं.

"चिंध्या मझार भरतस रे भाऊ. वर-खाले धडच लुगडं लागस."

पन्नास गोधड्या शिवलेल्या बाईशी वाद कसा घालणार?

"तुन्हं धड लुगडं कोनतं शे?"

मी गणित म्हणालो. मग तबला म्हणालो. मग, थांब जरा, म्हणालो.

"तोवर सुईमा दोरा ओवी दे," आजी म्हणाली.

ओवून दिला. तिने शेजारी सरकून जागा केली, म्हणून कडेला सातआठ टाकेही घातले. टाके सरळ आले. आता कुणाला सांगायची सोय नाही, पण हे काम मला फारच आवडलं.