सिल्व्हरफेस बासमनच्या कामावर आलेल्या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. मामांनी न्यू जर्सीहून पाठवलेला सत्तरच्या दशकातला फेंडर बासमन ५० (चंदेरी पॅनेलचा म्हणून 'सिल्व्हरफेस' म्हणतात तो अमेरिकन ट्यूब अ‍ॅम्प) तुम्ही आमच्या पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये दिलात, तो जुन्या ब्रिटिश मार्शल अ‍ॅम्पसारखा वाजावा म्हणून. 'एंगस यंगचा क्रंच हवाय' हे तुमचे शब्द, म्हणजे एसी/डीसीच्या गिटारिस्टचा तो किंचित फुटलेला, करकरीत आवाज. आता तुमची तक्रार अशी की मार्शलमधल्या ईएल३४ आउटपुट ट्यूब्ज मागूनही आम्ही फेंडरच्या ६एल६च ठेवल्या, घरच्या व्हॉल्यूमला अ‍ॅम्प पातळ वाजतो, न मागितलेले पार्ट्स बदलून बिल वाढवलं आणि एकाच चॅनेलला हात लावून काम अर्धं सोडलं. बाहेरून आलेला जुना ट्यूब अ‍ॅम्प मॉडिफाय करून घ्यायच्या विचारात असलेले बरेच जण हा रिव्ह्यू वाचतील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी बिल, कारण हा मुद्दा थेट तुमच्या जिवाशी निगडित आहे. एस्टिमेटमध्ये 'सेफ्टी आणि सर्व्हिस' अशी वेगळी ओळ होती. तिच्यात काय काय आलं ते सांगतो. तुमच्या अ‍ॅम्पच्या मागच्या पॅनेलवर 'ग्राउंड' लिहिलेला एक स्विच आहे. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्प्समध्ये तो सर्रास असायचा. त्याच्या मागे एक कपॅसिटर असतो, मेन्सच्या (भिंतीतल्या विजेच्या) एका तारेपासून चॅसीपर्यंत, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, जोडलेला. दोन पिनांच्या प्लगच्या जमान्यात गुणगुण कमी करायला तो उपयोगी पडे. पण हा कपॅसिटर शॉर्ट झाला की मेन्स थेट चॅसीवर येतो. चॅसीपासून केबलच्या शील्डमधून गिटारच्या ब्रिजवर, ब्रिजवरून तारांवर आणि तारांवर तुमचा हात. अर्थिंग असलेल्या माइकला त्याच वेळी ओठ लागले, तर पुढे काय होतं ते लिहायची गरज नाही.

त्यात तुम्ही सोबत आणलेला स्टेपडाउन (२३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर) मी उघडून बघितला. तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे एकच वाइंडिंग, मेन्सपासून कसलंही आयसोलेशन नाही. इनपुटला दोन पिनांचा प्लग आणि आउटपुटच्या सॉकेटमधली अर्थची पिन कशालाच जोडलेली नाही. असा प्लग भिंतीत उलटा बसला की बाहेर येणाऱ्या '१२० व्होल्ट'मधल्या एका तारेवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट असतात. अशा स्टेपडाउनवर, अर्थिंगशिवाय, पन्नासेक वर्षं जुना कपॅसिटर चॅसीला लटकलेला असताना अ‍ॅम्प गिऱ्हाइकाच्या हातात देणं मला शक्य नव्हतं. यापुढेही कुणालाच देणार नाही. तो कपॅसिटर काढला, मेन्सची वायर बदलली, अर्थ चॅसीला स्वतंत्र बोल्टवर घेतला. स्टेपडाउनला तीन पिनांची वायर लावून अर्थ आरपार नेला.

पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर मूळचे होते आणि त्यांतल्या दोघांचं टोक फुगलेलं होतं. ते गेले की आधी हम वाढतो, नंतर ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. बायसचं (आउटपुट ट्यूब्जमधून किती करंट वाहावा ते ठरवणाऱ्या सेटिंगचं) असं, की या काळातल्या बऱ्याच सिल्व्हरफेसमध्ये आतलं पॉट, म्हणजे फिरवायचा कंट्रोल, फक्त दोन आउटपुट ट्यूब्जमधला समतोल साधतं, एकूण करंट कमीजास्त करू देत नाही. ते सर्किट बदललं. आता प्लेटवर साधारण ४४० व्होल्ट असताना प्रत्येक ट्यूबमधून ४० मिलिअँपच्या आसपास करंट जातो. ३० वॉटच्या ६एल६जीसीला तो सुखाने पेलतो आणि आवाजही कोरडा राहत नाही.

आता ईएल३४. सॉकेटच्या एका पिनचं जोडकाम वेगळं असतं, ते किरकोळ आहे. अडचण होती हीटरची, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या आतल्या तारेची. एक ६एल६जीसी हीटरला ०.९ अँपिअर घेते, ईएल३४ घेते १.५. दोन ट्यूब्जचे मिळून १.२ अँपिअर जास्तीचे, तेही अशा पॉवर ट्रान्सफॉर्मरवर जो ६० सायकलसाठी (म्हणजे ६० हर्ट्झसाठी) बनलेला आहे, तसं पॅनेलवर छापलेलंच आहे. स्टेपडाउन व्होल्टेज कमी करतो, फ्रीक्वेन्सी तीच ५० हर्ट्झ राहते. तेवढ्याच व्होल्टेजला ६० ऐवजी ५० हर्ट्झ दिले की कोअरमधला चुंबकीय फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तुमचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे नुसता चालू असतानाच अमेरिकेत होता त्याहून गरम राहतो. तरीही तुमचा आग्रह होता म्हणून हीटर वाइंडिंगवर तेवढा जादा लोड टाकून बघितला. काही वेळात ट्रान्सफॉर्मरवर हात टेकवता येईना. तो जळला असता तर तसाच मूळचा दुसरा इथे मिळत नाही, आणि मामांचा अ‍ॅम्प मूळ ट्रान्सफॉर्मरसह राहावा असं तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

शिवाय ६एल६ म्हणजे मार्शल नव्हे, हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेलमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी जेटीएम४५ हा पहिला मार्शल बनवला, तो फेंडरचाच ५एफ६-ए हा जुना बासमन समोर ठेवून. अगदी सुरुवातीच्या अ‍ॅम्प्समध्ये ५८८१ ट्यूब्ज होत्या, म्हणजे ६एल६च्याच कुळातल्या. मग केटी६६ आल्या आणि ईएल३४ त्यानंतर. ईएल३४ मिडरेंजमध्ये लवकर आणि जरा कडक फुटते, हा फरक खरा आहे, पण तो शेवटचा हात आहे. मार्शलपणाचा मोठा भाग त्याच्या कितीतरी आधी, प्रीअ‍ॅम्पमध्ये (आउटपुट ट्यूब्जच्या आधीच्या भागात) ठरतो.

तुमचा बासमन नावाने त्या ५एफ६-एचा भाऊ असला तरी सर्किट वेगळं आहे. त्यात टोनचे कंट्रोल पहिल्या स्टेजनंतर लगेच येतात आणि मिड खाली दाबलेले असतात. आम्ही बास चॅनेल नव्याने वायर केला. पहिल्या ट्यूबच्या कॅथोडला (ट्यूबच्या एका टोकाला) फेंडरचे दीड किलोओम आणि २५ मायक्रोफॅरड होते, तिथे २.७ किलोओम आणि ०.६८ मायक्रोफॅरड आले. दिसायला एवढाच बदल, पण सगळा खेळ इथे आहे. २५ मायक्रोफॅरडवर बास पूर्ण ताकदीने पुढच्या स्टेजमध्ये घुसतो आणि डिस्टॉर्शन सुरू झालं की जाड 'ई' तारेच्या ८२ हर्ट्झच्या भाराखाली सगळी कॉर्ड चिखलात रुतते. ०.६८ लावला की खालचा भाग आधीच छाटला जातो आणि मिड फुटायला मोकळे होतात. त्यापुढे टोन स्टॅक (टोन कंट्रोल्सचं सर्किट) पहिल्या स्टेजनंतरच्या जागेवरून काढून कॅथोड फॉलोअर या पुढच्या ट्यूब-स्टेजनंतर नेला आणि त्यात ३३ किलोओम व ५०० पिकोफॅरड टाकले, मार्शलच्या सुपर लीड या मॉडेलमध्ये असतात तसे. काम झाल्यावर तुमच्या समोर आमच्या ग्रीनबॅक स्पीकर लावलेल्या कॅबिनेटवर, व्हॉल्यूम सातवर ठेवून, ए आणि डी कॉर्ड वाजवली. प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती आणि पिक हलका केला की आवाज आपोआप स्वच्छ होत होता. एंगस यंग यांच्या आवाजात लोकांना वाटतं त्यापेक्षा गेन खूप कमी आहे. तो क्रंच असाच येतो.

मग घरी पातळ का? कारण सर्किटमध्ये बास मुद्दाम छाटलेला आहे. अ‍ॅम्प मोठा केला की आउटपुट ट्यूब्ज, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मिळून ती जाडी परत भरून काढतात. व्हॉल्यूम दीडवर असताना यांतलं कुणीच कामाला लागत नाही. त्यात हळू आवाजात माणसाच्या कानालाच बास कमी ऐकू येतो. आणि फ्लॅटमध्ये तुम्ही लहान दहा इंची स्पीकरवर वाजवता. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. 'मग वॉट कमी करा' असं पुष्कळ जण सुचवतात, पण ५० वॉटचे २५ केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, शेजाऱ्यांना फरक कळतही नाही. कानाला निम्मा वाटायला ५ वॉटवर यावं लागतं. जुन्या सुपर लीडला मास्टर व्हॉल्यूम नव्हता, त्या काळी ते अ‍ॅम्प हॉल भरायला बनत होते. म्हणूनच फेज इन्व्हर्टरनंतर, म्हणजे आउटपुट ट्यूब्जच्या अगदी आधी, एकूण आवाज कमी करणारा मास्टर व्हॉल्यूम बसवू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात, कारण मूळ मार्शलला तो नसतो आणि पॅनेलला भोक पडायला नको होतं. त्या निर्णयाचा मला आदरच आहे, जुन्या अ‍ॅम्पला ड्रिल लावायला मलाही जिवावर येतं.

नॉर्मल चॅनेलला हात लावला नाही तो विचार करूनच. फेंडरचा तो मोकळा, चमकदार क्लीन एकदा गेला की परत कुठून आणणार? एका जॅकमध्ये फेंडर आणि शेजारच्या जॅकमध्ये मार्शल, असा अ‍ॅम्प तुमच्याकडे आहे. काढलेले सगळे रेझिस्टर आणि कपॅसिटर जागेची नावं लिहून पाकिटात दिलेत, सोबत बदललेल्या सर्किटचा हाताने काढलेला नकाशा आहे. उद्या कुणाला अ‍ॅम्प मूळ रूपात न्यायचा असेल तर कोणताही जाणता टेक्निशियन तो नेऊ शकेल.

आता पुढचं. बास चॅनेलचा दुसरा इनपुट जॅक तुम्ही वापरत नाही. त्याच भोकात मास्टर व्हॉल्यूमचं पॉट बसतं, पॅनेलला ओरखडाही पडत नाही आणि जॅक हवा तेव्हा परत लावता येतो. हे काम करून देतो, मजुरी घेणार नाही, फक्त पॉट आणि वायरचे पैसे द्या. पॉवर ट्यूब्ज फुटल्याची पूर्ण चव त्यातून येणार नाही, पण घरी रात्री वाजवण्यासारखा क्रंच नक्की मिळेल. तो पुरेसा वाटला नाही तर वर्कशॉपमध्ये अटेन्युएटर आहे (स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा डबा), ५० वॉट झेपणारा, चार ओमचा. तो लावून ऐका आणि मग विकत घ्यायचा की नाही ते ठरवा. ईएल३४ खरंच हव्या असतील तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नवा पॉवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेऊन लावता येईल, जुना जपून ठेवू. स्टेपडाउनची कटकटही त्याने कायमची सुटेल. त्याचा खर्च मोठा आहे, म्हणून आधी मास्टर व्हॉल्यूम ऐकून बघा असं माझं मत.

मंगळवार सोडून कोणत्याही दिवशी संध्याकाळी पाचनंतर या. येताना फ्लॅटमधला तो दहा इंची स्पीकर आणि नेहमी वाजवता ती गिटार दोन्ही घेऊन या, म्हणजे तुमच्या घरी जे ऐकू येतं तेच समोर ठेवून सेटिंग करता येईल.