वजनाचा माणूस

येत्या शनिवारी आमच्या शाळेची एसडीएमसी, म्हणजे शाळेचा कारभार बघणारी पालकांची कमिटी, नव्यानं निवडायची आहे. तीन वर्षांची मुदत संपली. गेल्या आठवड्यात मला अकरा फोन आले. त्यातल्या नऊ जणांचं म्हणणं एकच होतं, "वहिनी, या वेळी जरा वजनाचा माणूस बघूया की." दहावा फोन त्या वजनाच्या माणसाचा स्वतःचाच होता. अकरावा गॅसवाल्याचा.

प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच एकदा लिहिते. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

जे बेळगावच्या बाहेरचे आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं. आमची शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते सातवी. कर्नाटकात 2001 पासून सरकारी शाळांना एसडीएमसी असते, आमच्याकडे म्हणतात शाळा सुधारणा कमिटी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमाप्रमाणे अशा कमिटीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. महाराष्ट्रात हिलाच शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा. मग ज्यांची पोरं शहरात इंग्लिश मिडियमला जातात ते नेते अध्यक्ष कसे होतात? सोपं आहे. घरातला एखादा पुतण्या नाहीतर भाचा आमच्या शाळेत असतो, त्याचा 'पालक' म्हणून यांचं नाव लागतं. पोराचा खरा बाप मागच्या बाकावर हात जोडून बसलेला असतो.

आता कबूल करते. सहा वर्षांपूर्वी असाच एक माणूस अध्यक्ष झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मी होते. मलाही वाटलं होतं, वजनाचा माणूस हवा. मराठी शाळा आहे, सरकार कन्नड, ऑफिसात आपलं कोण ऐकणार? मोठ्या आवाजाचा, चार लोकांत ओळख असलेला कुणीतरी पाहिजे. निवडीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कुंदा वाटला. मी दोनदा घेतला.

त्यांनी काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. कंपाउंडची पडकी भिंत त्यांच्याच ओळखीनं उभी राहिली. शाळेला रंग लागला. एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर निरोप पोचवून त्यांनी दोन कॉम्प्युटर आणले, त्यातला एक अजून चालतो. पण तीन वर्षांत मीटिंग किती झाल्या ते विचारा. ठरावाच्या वहीत सगळ्या झाल्यात. सेवक वही घेऊन घरोघरी फिरायचा आणि आम्ही चुलीपुढून उठून, पिठाच्या हातानं सही करायचो. वर काय लिहिलंय ते कुणी बघितलं नाही. बघूनही कळलं नसतं, कारण सोबतची पत्रं कन्नडमधली. त्याच तीन वर्षांत एक गुरुजी बदलीवर गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जागा रिकामी आहे की जागाच उरली नाही, यातला फरकही आम्हाला ठाऊक नव्हता. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी इथली मराठी माणसं काळा दिवस पाळतात तेव्हा, मात्र साहेब काळी फीत लावून फेरीत पुढे असत. ती फेरी मलाही प्यारी आहे. माझ्या सासऱ्यांनी 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्यात, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला आम्ही दर वर्षी जातो. तेव्हा मला कुणी भाषाप्रेम शिकवायला येऊ नये.

मागच्या खेपेला साहेबांना तालुक्याचं काहीतरी मोठं पद मिळालं, म्हणून ही खुर्ची रिकामी झाली. दुसरं कुणी तयार नव्हतं. शेवटी अध्यक्ष झाली ती गवंड्याच्या हाताखाली कामाला जाणारी एक बाई. दोन पोरं शाळेत, स्वतः चौथी शिकलेली. तिला आम्ही अक्का म्हणतो, इथंही तेवढंच म्हणते. मी उपाध्यक्ष झाले, कारण मला टायपिंग येतं.

पहिल्याच मीटिंगला मुख्याध्यापकांनी कागदांचा गठ्ठा पुढं केला. अक्कानं पेन हातात घेतलं, कागद उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "वाचून दाखवा की सर. कळल्याबिगर सही कशी करू?"

सर जरा बावरले. सर चांगले आहेत, पण कन्नड पत्र वाचून मराठीत सांगायचं म्हणजे एकेका कागदाला दहा मिनिटं. त्यांना मध्यान्ह आहाराचा हिशेब द्यायचा होता, ऑनलाइन माहिती भरायची होती. मग अक्काच म्हणाली, सातवीतल्या एखाद्या पोरीला बोलवा. एक पोरगी आली. दोन वेण्या, गुडघ्याला शाई. तिनं पत्र हातात धरलं आणि धड्यासारखं मोठ्यानं वाचलं, मग आपल्या भाषेत सांगितलं. एखादा शब्द अडला की सरांकडं बघायची. चाळीस मिनिटं लागली. आम्ही सगळ्या बायका तोंडात बोट घालून बघत होतो. तेव्हापासून दर मीटिंगला हेच. कागद आला की पोरगी येते, वाचते, सांगते, मग सही.

पुढच्या वर्षीची गोष्ट. जुलैचा पाऊस, वर्गात छत्र्या उघड्या वाळत ठेवलेल्या. ती पोरगी सातवी होऊन गेलेली, तिच्या जागी दुसरी. वाचता वाचता ती एका शब्दाला थांबली. "हेच्चुवरी." म्हणाली, "हेच्चु म्हणजे जास्त. आमचे एक सर जास्तीचे झालेत असं लिवलंय." वर्गात एकदम शांत झालं. हेच्चुवरी शिक्षक म्हणजे पटाच्या हिशेबात जादा ठरलेला शिक्षक. त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं, खालच्या पाच वर्गांत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन. त्या पाच वर्गांचा आमचा पट कागदावर होता 59.

अक्कानं बोटं मोडायला सुरुवात केली. ती गल्लीगल्लीत कामाला जाते, कुणाच्या घरात किती पोरं ते तिला पाठ. मोजून म्हणाली, "साठाच्या वर हाईत. वर्गात जाऊन मोजा." आम्ही खरंच उठून वर्गावर्गात गेलो. बसलेली पोरं 63. बाहेरगावाहून कामासाठी आलेल्या दोन कुटुंबांची चार पोरं वर्गात रोज बसत होती, भात खात होती, पण त्यांचे सॅट्स नंबर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदीतले विद्यार्थी क्रमांक, जुन्या शाळेतच अडकलेले. कॉम्प्युटरच्या लेखी ती आमची नव्हतीच. ते नंबर आमच्या शाळेत यायला तीन आठवडे गेले. अक्कानं दोन दिवसांचा रोज बुडवला, मी चार अर्ज टाईप केले. एका ऑफिसात आम्हाला जेवायच्या सुट्टीपासून पाच वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, कोणत्या ते सांगत नाही. सर राहिले. अजून आहेत.

आता कुणीतरी खाली लिहिणारच की वजनाचा माणूस असता तर एका फोनवर काम झालं असतं. बरोबर आहे. पण त्याला फोन करायचा हे कळायला ते पत्र कुणीतरी वाचायला हवं होतं.

आणि एक गोष्ट मला त्या दिवसापासून टोचते, तीही लिहून टाकते, शिव्या पडल्या तरी चालतील. पत्र वाचून आमचे सर वाचवले ते पोरीला शाळेत शिकवलेल्या कन्नडनं. 2015 च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड आणली. त्यावर आपण किती बोललो! 2020 मध्ये महाराष्ट्रानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा मात्र आपण टाळ्या वाजवल्या. जत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड शाळांतल्या आया तेव्हा काय म्हणाल्या असतील, हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही. सक्ती मला आजही मान्य नाही. पण पोरीला कन्नड वाचता येतं याचं वाईट वाटून घ्यायला मी तयार नाही. परिपत्रकं मराठीतून मिळायला हवीत, ही मागणी त्याहून वेगळी आणि शंभर टक्के खरी आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात किमान 15 टक्के लोक जी भाषा बोलतात तिच्यात महत्त्वाचे नियम आणि सूचना द्याव्यात, हे केंद्रानंच मान्य केलेलं तत्त्व आहे. ती मागणी करताना अक्काच्या हातातला कागद दाखवायचा असतो. नुसत्या घोषणेला ऑफिसवाले सरावलेत.

कायदा आपल्या बाजूला अगदीच नाही असंही नाही. घटनेचं 350-अ कलम 1956 मध्ये आलं, भाषावार राज्यं झाली तेव्हाच. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यानं करावी, असं ते म्हणतं. त्याच्याही आधी, 1949 मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवलं होतं की वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. सोय म्हणजे शाळा, शिक्षक, पुस्तक. पण ती शाळा चालवायची कुणी, त्या भाषेच्या लोकांचा तिच्यावर ताबा किती, याबद्दल 350-अ मध्ये अक्षर नाही. स्वतःची संस्था काढली तर 30 व्या कलमाचं छत्र आहे. सरकारी शाळेतल्या आमच्यासारख्यांना ते नाही. आमच्याकडं आहे ती ही कमिटी, जिला ना शिक्षक नेमता येतो, ना काढता येतो. मोजता मात्र येतो.

माझा मावसभाऊ कॅनडात ओटावाला असतो. 2022 च्या ऑक्टोबरात तिथं नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या, त्याच वेळी शाळा मंडळाचेही लोक निवडतात. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी खरंच वाटेना. ऑन्टारियोत सरकारी पैशावर चालणारी चार प्रकारची शाळा मंडळं आहेत, इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक, फ्रेंच कॅथलिक. फ्रेंचवाल्यांची मंडळं एकूण 12. फ्रेंच मंडळाला मत द्यायला फ्रेंच शिक्षणाचा हक्क असलेला माणूसच लागतो. शिक्षक नेमणं, पैसा कुठं घालायचा ते ठरवणं, शाळेचा सगळा कागद फ्रेंचमध्ये, हे त्या मंडळाच्या हातात.

हे त्यांना कुणी ताटात वाढून दिलं नाही. कॅनडाच्या 1982 च्या हक्कांच्या सनदेतलं 23 वं कलम अल्पसंख्य भाषेतून शिकण्याचा हक्क देतं, पण त्यात कारभाराचाही हक्क आहे का यावर वाद होता. अल्बर्टातल्या एडमंटन शहरात झाँ-क्लोद माहे, अँजेलिन मार्टेल आणि पॉल द्युबे असे तीन पालक कोर्टात गेले. 1990 मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हो, आहे. जिथं मुलांची संख्या पुरेशी तिथं कारभारातही वाटा. संख्या वाढेल तसा तो वाटा वाढत जातो, अगदी स्वतंत्र मंडळापर्यंत. म्हणजे तिथंही शेवटी पटच मोजावा लागला! बहुसंख्याकांना अल्पसंख्याकांच्या गरजा नेहमीच कळतील असं गृहीत धरता येत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. मला त्यातलं लक्षात राहिलं ते एवढंच की ते तिघं पालक होते. पोरांना शाळेत सोडायला जाणारी माणसं.

तिथं सगळं सोनं आहे असं भाऊ म्हणत नाही. अनेक जागा बिनविरोध जातात, कुणाला वेळ नसतो. तिकडचं चित्र जसंच्या तसं इकडं चिकटवण्याइतकी मी भोळी नाही. आपल्याकडं उद्या 'मराठी शाळा मंडळ' दिलं तर पहिल्या दिवशी त्याच्या अध्यक्षपदावर कोण बसेल हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. कुंदा वाटला जाईल.

म्हणून नेत्यांना माझं सांगणं: दादा, आम्हाला तुम्ही हवे आहात. फक्त ही खुर्ची नको. अक्का दोन दिवसांचा रोज बुडवून ऑफिसच्या बाकावर बसली होती तेव्हा शेजारी येऊन बसायला हवे होतात. 15 टक्क्यांचा मुद्दा घेऊन वरपर्यंत जायला हवे आहात. शिक्षकांच्या रिकाम्या जागांची तालुक्याची यादी काढायला, ती दर महिन्याला फेसबुकवर टाकायला हवे आहात. आणि जमलं तर, फक्त जमलं तर, तुमचं स्वतःचं एखादं नातवंड आमच्या पहिलीत घाला. पट वाढेल.

अक्का पुन्हा उभी राहायला तयार नाही. म्हणते, "तीन वर्सं लई झाली, रोज बुडतोय." तिला मीटिंगचा भत्ता नाही की गाडीभाडं नाही. त्या वजनाच्या माणसाला तिच्या बुडालेल्या रोजाचं विचारलं तर म्हणाला, त्याची काय तरी व्यवस्था करू. बघू.

मी या वेळी कमिटीत नसेन. माझी धाकटी सातवी पास झाली, हायस्कूलला गेली. नियमानं मी आता पालक उरले नाही आणि कुणाच्या पुतण्याची पालक व्हायची माझी तयारी नाही. ठरावाची वही, चार अर्जांच्या झेरॉक्स आणि त्या पत्राची प्रत मी सरांच्या कपाटात निळ्या फाईलमध्ये ठेवली आहे. शनिवारी दुपारी तीनला सभा आहे. नोटीस फाटकावर लागली आहे, कन्नडमध्ये. सातवीतल्या कुठल्याही पोरीला विचारा, वाचून दाखवेल.