‘शास्त्रज्ञांवर आता कोण विश्वास ठेवतं?’ बहुतेक सगळेच!

गेले दोन आठवडे एकच मजकूर माझ्याकडे तीन वाटांनी आला. आधी साताऱ्याच्या मामांकडून, मग सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेतल्या मित्रांकडून. थोडक्यात तो असा: जगभरात लोकांचा शास्त्रज्ञांवरचा विश्वास उडालाय. पुढारलेल्या देशांनी हवामान बदलाचं थोतांड ओळखलंय, आपल्यासारखेच अजून भुलतात. ३१ हजार शास्त्रज्ञांनी सह्या करून ते नाकारलंय. हिमालयातला बर्फ २०३५ मध्ये संपणार म्हणाले, तेही खोटं निघालं. आणि खिशात हात घालायची वेळ आली की एक माणूस पुढे येत नाही. शेवटी जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मामांना फोनवर सांगायला गेलो, तर पाचव्या मिनिटाला गाडी उसाच्या बिलावर घसरली. म्हणून लिहून काढतोय.

‘विश्वास उडालाय.’ कुठे? जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या शोधपत्रिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ६८ देश, जवळपास ७२ हजार माणसं. शास्त्रज्ञांवर किती भरवसा आहे, याला १ ते ५ असे गुण. जगाची सरासरी निघाली ३.६२. सगळ्यात तळाला अल्बेनिया, तोही ३.०५ वर, म्हणजे मधल्या रेषेच्या वरच. अविश्वासाच्या बाजूला कललेला असा एकही देश नाही. सगळ्यात वर इजिप्त, आणि दुसरा कोण? आपण.

तक्रारी आहेत, नाहीत असं नाही. त्याच पाहणीत ७८ टक्के म्हणतात की शास्त्रज्ञांना त्यांचं काम येतं, पण ते इतरांचं ऐकून घेतात असं मानणारे फक्त ४२ टक्के. तज्ज्ञाचं व्याख्यान संपल्यावर ‘प्रश्न नंतर’ म्हणून माईक बंद होताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना या ४२ चं नवल वाटायचं नाही.

‘पुढारलेल्या देशांनी ओळखलंय.’ ऑस्ट्रेलिया याच यादीत पाचवा आहे. तळाला अल्बेनियाच्या जोडीला कझाकस्तान आणि बोलिव्हिया आहेत, आणि यांना श्रीमंत कोणी म्हणत नाही. मजकूर बहुधा एकाच देशाकडे बघून लिहिलेला आहे, तो म्हणजे अमेरिका. तिथे घसरण झाली हे खरं. प्यू रिसर्च सेंटर या तिथल्या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत एप्रिल २०२० मध्ये ८७ टक्के अमेरिकनांना शास्त्रज्ञांवर बऱ्यापैकी किंवा पुष्कळ भरवसा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा आकडा ७३ वर आला, वर्षभराने ७६. म्हणजे घसरूनही चारांतले तीन. पण त्यात डेमोक्रॅट ८८ आणि रिपब्लिकन ६६! ते त्यांच्या राजकारणातलं भांडण आहे, आणि आपण ते भाषांतर करून सकाळच्या चहाबरोबर वाटतोय.

‘आपण भुलतो’ याबद्दल मात्र थोडं थांबतो. ६८ देशांची ती पाहणी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन झाली, त्यामुळे भारताचा आकडा थोडा शहरी, शिकलेल्या माणसांकडे झुकलेला असणार. म्हणून दुसरीकडे बघू. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि आपल्याकडची जनमत चाचण्या घेणारी सीव्होटर यांच्या २०२२ च्या अहवालात ५४ टक्के भारतीयांनी सांगितलं की जागतिक तापमानवाढीबद्दल आम्हाला अगदी थोडं माहीत आहे किंवा कधी ऐकलेलंच नाही. मग दोन ओळींत अर्थ समजावून विचारलं, तेव्हा ८४ टक्के म्हणाले की हे घडतंय. याला भुलणं म्हणत नाहीत. पावसाचं काहीतरी बिनसलंय हे मामांनाही माहीत आहे, फक्त ते त्याला ‘क्लायमेट चेंज’ म्हणत नाहीत.

‘३१ हजार शास्त्रज्ञांच्या सह्या.’ हे जुनं बियाणं आहे, १९९८ चं. ओरेगनमधल्या एका छोट्या संस्थेने अर्ज फिरवला. सोबतचा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातला वाटावा अशा छपाईत होता. इतका की अकादमीला एप्रिल १९९८ मध्ये ‘याच्याशी आमचा संबंध नाही’ असं जाहीर करावं लागलं. सही करायला विज्ञानाची पदवी पुरे. आता त्या संस्थेनेच केलेली वर्गवारी बघा: ३१,४८७ नावांपैकी तीन हजारांवर वैद्यकातली, दहा हजारांवर अभियांत्रिकी आणि सामान्य विज्ञान या खान्यातली, आणि हवामानशास्त्रातली ३९. एकोणचाळीस! बीएस्सी झालेला माझा चुलतभाऊ तिथे असता तर तोही ‘शास्त्रज्ञ’ ठरला असता.

हिमालयाचा मुद्दा मात्र खरा आहे. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ समिती, तिच्या २००७ च्या अहवालात आशियावरच्या प्रकरणात खरंच लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. हा आकडा आला डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग संवर्धन संस्थेच्या एका अहवालातून, आणि त्यात तो आला ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकाच्या १९९९ मधल्या बातमीतून. म्हणजे तपासलेला शोधनिबंध कुठेच नाही. त्याच परिच्छेदात पुढे हिमनद्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल असंही होतं. हिमालयात एवढं बर्फाचं क्षेत्र आहेच कुठे? ते ३३ हजारांच्या आसपास. पाच लाखांचा आकडा रशियन शास्त्रज्ञ कोत्ल्याकोव्ह यांच्या १९९६ च्या लेखनातला, ध्रुवांबाहेरच्या जगभरच्या हिमनद्यांसाठीचा होता आणि त्यात साल होतं २३५०. दोन आकडे इकडचे तिकडे झाले असावेत, असं मानलं जातं.

नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या पर्यावरण खात्यासाठी भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी हिमालयातल्या हिमनद्यांवर, या दाव्याच्या विरोधात जाणारं टिपण लिहिलं, मंत्री जयराम रमेश यांनी ते पुढे आणलं. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जादूटोणा म्हणून खिल्ली उडवली, आणि हे फार वाईट झालं. दोन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला चूक मान्य करावी लागली. पण चूक पकडली कोणी? ग्रॅहम कॉगली, गेओर्ग कासर अशा हिमनद्यांच्याच अभ्यासकांनी. थोतांड असतं तर त्यांनीच ते झाकलं असतं.

आणि २०३५ खोटं म्हणून बर्फ शाबूत असंही नाही. काठमांडूच्या आयसीमॉड या पर्वतीय प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या काळात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने वितळल्या.

राहिला खिशाचा मुद्दा. मामा त्या फोनवर म्हणाले होते, ‘मी देईन रे चार पैसे, पण गावात दुसरं कोण देणार?’ १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांना हेच विचारलं गेलं, आणि निकाल २०२४ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या शोधपत्रिकेत आला. घरच्या मासिक उत्पन्नाचा एक टक्का हवामानासाठी द्यायला ६९ टक्के तयार होते. आणि ‘तुमच्या देशातले किती जण देतील?’ या प्रश्नाचं सरासरी उत्तर आलं ४३ टक्के. एकूण एक, सगळ्या १२५ देशांत लोकांनी शेजाऱ्याला कमी लेखलं. उष्ण आणि गरीब देशांत तयारी उलट जास्त होती. देईन म्हणणं आणि देणं यात अंतर असतं, हे कबूल. पण ‘कोणीच देणार नाही’ हे वाक्य जो तो दुसऱ्याबद्दल बोलतोय.

आमच्या सोसायटीत गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय निघाला तेव्हा ‘हात वर करा’ म्हटल्यावर चार हात वर आले. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, चिठ्ठ्या टाका. टाकल्या. अठ्ठावीसपैकी एकोणीस ‘हो’. सेक्रेटरींनी दोनदा मोजल्या. पॅनेल अजून बसलेले नाहीत, टाकीची सावली दुपारी नेमकी कुठे पडते यावर वाद चालू आहे.