दाबलेला शोध? पटत नाही

आंद्रेआ रॉसी यांचं ई-कॅट यंत्र शीत संलयनाने (म्हणजे प्रचंड तापमानाशिवाय अणुकेंद्रकं जोडून) घातलेल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता देतं, असा त्यांचा दावा होता. हा शोध तेल कंपन्यांनी दाबला, असं एका लेखात म्हटलंय. मला अजिबात पटत नाही.

2011 मध्ये इटलीत बोलोन्याला त्यांनी जे प्रयोग दाखवले, त्यात यंत्राची उष्णता निघणाऱ्या वाफेवरून मोजली होती, आणि खरी मेख त्या वाफेतच होती. 20 अंशांचं एक किलो पाणी 100 अंशांपर्यंत तापवायला साधारण 335 किलोज्यूल लागतात, पण त्याची पूर्ण वाफ करायला आणखी 2257. म्हणजे नळीतून कोरडी वाफ येतेय की वाफेबरोबर उडालेलं उकळतं पाणी, यावर हिशेब सात-आठ पट फिरतो. थर्मामीटर दोन्ही वेळा शंभरच दाखवतो! नळीचं तोंड थंड पाण्याच्या बादलीत बुडवून बादली किती तापते ते मोजलं असतं, तरी बराच वाद मिटला असता. शिवाय यंत्राला बाहेरून वीज चालूच होती.

आणि दाबायचं कुणी? अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल हीट कंपनीने त्यांना एक कोटीहून जास्त डॉलर दिले. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, 2017 मध्ये तडजोड झाली.

सगळ्याच शीत संलयनवाल्यांना मात्र एका माळेत ओवू नका. 1989 मध्ये पॉन्स आणि फ्लाइशमन या शास्त्रज्ञांनी शीत संलयन साधल्याची घोषणा केली, त्यानंतर आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही प्रयोग झाले, पी. के. अय्यंगार स्वतः त्यात होते. ट्रिटियम (संलयनाची खूण मानला जाणारा किरणोत्सारी हायड्रोजन) सापडल्याचा त्यांचा दावा बहुतेक शास्त्रज्ञांनी मानला नाही, पण त्यांनी तो पद्धतीसकट छापला, तपासायला खुला ठेवला. रॉसींनी तेव्हा उत्प्रेरक कोणता तेही सांगितलं नव्हतं.