‘कोल्हापूरच्या पोरांनी डोळे झाकून पुणं गाठावं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या आमच्याकडं प्रत्येक ग्रुपवर, म्हणजे कॉलनीच्या, शाळेच्या बॅचच्या, पाहुण्यांच्या, तालमीच्या, सगळीकडं एकच मेसेज फिरतोय. "मुंबई की पुणे? कोल्हापूरच्या पोरांनी डोळे झाकून पुणं गाठावं" असं हेडिंग आणि खाली मुद्द्यांची रांग. पुणं जवळ, पुणं स्वस्त, पुण्यात प्रवासात आयुष्य जात नाही, पुणं पावसात तुंबत नाही, मराठी माणूस पुण्यातच टिकतो, पुण्यात मुली सेफ, आणि शेवटी "कोल्हापुरात थांबलात तर संपलात". मी दोन्हीकडं राहिलोय, नोकरी केलीय, भाडं भरलंय आणि आता परत कोल्हापुरात आहे. दोन्ही शहरांशी माझं काही भांडण नाही. पण लोक हा मेसेज वाचून खरंच निर्णय घ्यायला लागलेत, आमच्या ओळखीतल्या एका मुलीला ठाण्यात चांगली ऑफर होती आणि घरच्यांनी हाच मेसेज पुढं करून ती तिला सोडायला लावली, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, "पुणं चार तासांवर, दर शनिवारी घरी". अंतर साधारण २३० किलोमीटर आहे हे खरं, आणि मुंबई त्याहून दीडशे किलोमीटर लांब हेही खरं. पण हे चार तास कुठून कुठपर्यंतचे ते बघा की. तावडे हॉटेलपासून कात्रजपर्यंत, रस्ता मोकळा असेल तर. सहापदरीचं काम सुरू झाल्यापासून कागल ते सातारा किती ठिकाणी डायव्हर्जन लागतात हे ज्यानं शुक्रवारी रात्री गाडी चालवलीय त्याला विचारा, वर खंबाटकी घाट आहेच. आणि आपली बहुतेक पोरं कात्रजला राहत नाहीत, ती हिंजवडी, वाकड, चाकण, भोसरीला असतात, म्हणजे कात्रज आल्यावर पुढं नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर हे सगळं अजून शिल्लक. चाकणवाल्याला तर कोल्हापूरच्या घरापासून कंपनीपर्यंत सहा-सात तास सहज लागतात. वंदे भारत २०२४च्या सप्टेंबरपासून आहे पण ती रोज नाही. उलट मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेस रोज रात्री निघते, कल्याण, ठाणे, दादरला सकाळी उतरवते, रविवारी रात्री घरी जेवून बसायचं आणि सोमवारी थेट ऑफिसला. अशी माणसं मी कितीतरी बघितलीत जी मुंबईत राहून पुण्यातल्या भावापेक्षा जास्त वेळा घरी येतात, कारण प्रवास झोपेत होतो. अर्थात महालक्ष्मीचं रिझर्वेशन मिळालं पाहिजे, ती वेगळी लढाई आहे. आणि पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं की, २०१९ला आलं, २०२१ला आलं, तेव्हा पुणं काय आणि मुंबई काय, दोन्ही सारखीच लांब.

स्वस्ताच्या मुद्द्यावर अर्धं मान्य. भाडं पुण्यात कमी आहे, डिपॉझिट कमी आहे, फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर फरक मोठा आहे, यात वाद नाही. पण मेसेजमध्ये तुलना कशाची केलीय? दादरच्या फ्लॅटची नऱ्ह्याच्या फ्लॅटशी. असं कसं चालेल? दादरला तोलायचं तर डेक्कन-प्रभात रोड घ्या आणि नऱ्हे-वाघोलीला तोलायचं तर बदलापूर, पनवेल, विरार घ्या, मग फरक बराच खाली येतो. दुसरं म्हणजे पुण्यात गाडीशिवाय पान हलत नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर दोन टू-व्हीलर, दोन्हींचा हप्ता, पेट्रोल, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, हे सगळं खरं तर भाड्यातच धरायला पाहिजे पण कुणी धरत नाही. मुंबईत लोकलचा महिन्याचा पास काढला की विषय संपला, तिथं चांगला पगार असलेली आणि दारात एकही गाडी नसलेली कुटुंबं मी बघितलीत, पुण्यात असं कुटुंब शोधावं लागेल. आणि पाणी! महापालिकेत नव्यानं आलेल्या गावांमध्ये, २०१७ला ११ आणि २०२१ला २३ अशी ३४ गावं पुण्यात घेतली, त्यातल्या बऱ्याच भागात सोसायट्या टँकरवर चालतात आणि टँकरचं बिल मेंटेनन्समधून येतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं डोक्यावर असलेल्या शहरात टँकर! २०२५च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला, किरकटवाडी-नांदेड भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे पेशंट धडाधड निघाले तेव्हा संशय दूषित पाण्यावरच गेला होता. फ्लॅट स्वस्त का मिळतोय याचं एक उत्तर तिथं आहे, ते फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

आता प्रवास. या एका मुद्द्यावर मेसेजवाल्याचा सगळा जोर आहे आणि सगळ्यात जास्त चूक पण इथंच आहे. "मुंबईत अर्धं आयुष्य लोकलमध्ये, पुण्यात पंधरा मिनिटात ऑफिस." हे पंधरा मिनिटांचं पुणं कधीतरी होतं असेल, आमच्या वडिलांच्या पिढीचे पाहुणे सायकलवर फिरायचे तेव्हाचं. टॉमटॉम नावाची नेदरलँड्सची कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांच्या ट्रॅफिकचा हिशोब काढते, त्यांच्या २०२४च्या यादीत पुणं जगात चौथं होतं, दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांच्या वर. भारतातली कोलकाता आणि बंगळुरू एवढीच त्याच्यापुढं, मुंबई त्याच यादीत पुण्याच्या बरीच खाली. आणि ही सरासरी झाली, हिंजवडीच्या फेज तीनमधून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्याला सरासरी सांगू नका. पाऊस असला की विचारूच नका.

म्हणजे मुंबईचा प्रवास सुखाचा आहे असं म्हणतोय का मी? अजिबात नाही. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली किंवा दिव्याला फास्ट लोकलमध्ये शिरणं काय असतं ते मी सोसलंय. मुंबईच्या लोकलमार्गावर दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं मरतात, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडली आणि जीव गेले, त्या बातमीनंतर ज्यांची पोरं त्या लाईनवर आहेत त्या आयांना रात्री झोप लागली नसेल. ही भीती खरी आहे आणि मी ती खोडत नाही.

पण या दोन त्रासांत एक मोठा फरक आहे. मुंबईत गर्दी आहे पण वेळ ठरलेली आहे, ९.०४ची गाडी साधारण ९.०४लाच येते, गडबड झाली तर पाच-दहा मिनिटं, त्यामुळं माणूस दिवस आखू शकतो. आणि मुख्य म्हणजे गर्दीला दिशा असते. सकाळी सगळे दक्षिणेकडं पळतात, तुमचं ऑफिस ठाण्यात आणि घर मुलुंड-भांडुपला असेल तर तुम्ही उलट्या दिशेनं जाता, बऱ्याचदा बसायला जागा मिळते. घाटकोपर-अंधेरीला २०१४पासून मेट्रो आहे, आता तीन नंबरची मेट्रो आरेपासून बीकेसीवरून (वांद्रे-कुर्ला संकुल) थेट कफ परेडपर्यंत जाते. म्हणजे मुंबईत खोली कुठं घेतली यावर तुमचा दिवस नरक होणार का बरा जाणार हे ठरतं. पुण्यातही तेच. वनाज ते रामवाडी किंवा पिंपरी ते स्वारगेट या मेट्रोच्या पट्ट्यात घर आणि काम दोन्ही असेल तर पुणं खरंच सुखाचं आहे, मेसेजमध्ये लिहिलंय तितकं सुखाचं. कंपनी खराडीला आणि खोली धायरीला असेल तर डोंबिवलीकर परवडला. मला या सगळ्या वादात एवढंच सांगायचंय, मुंबई का पुणं हा प्रश्नच अर्धवट आहे, कामाचा पत्ता आणि राहायचा पत्ता हे दोन्ही समोर ठेवल्याशिवाय त्याला उत्तर नाही. ऑफर लेटर आलं की शहराचं नाव बघून नाचू नका, ऑफिसचा पिनकोड बघा, आणि डिपॉझिट देण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी साडेआठला त्या खोलीपासून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन बघा. रविवारी दुपारी जाऊन "अरे वीस मिनिटात पोचलो" म्हणणारे सगळे नंतर रडतात.

मेसेजमध्ये नवी मुंबईचं नावच नाही याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. कोल्हापूरहून जाणाऱ्या माणसाला ट्रॅव्हल्समधून पनवेल, खारघर, वाशी आधी लागतं, मुंबई नंतर. मोरबे धरण शहराचं स्वतःचं आहे, आणि कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या बाजूला माथाडी कामगारांमुळं सातारा-सांगली-कोल्हापूरची माणसं पिढीजात आहेत. ज्याला मुंबईचा पगार पाहिजे आणि मुंबईचा कोंडमारा नको त्यानं आधी तिकडं बघावं.

"पुणं तुंबत नाही." हे लिहिणाऱ्यानं २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आठवावी. आंबील ओढ्याला पूर आला, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर, कात्रजकडच्या भागात पाणी घुसलं आणि वीसच्या वर माणसं गेली. २०२४च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. मुंबईची २६ जुलै २००५ कुणी विसरणार नाही, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, तसं पुण्यात झालेलं नाही हे मान्य, पण नदीकाठची सोसायटी आणि ओढ्यावरची पार्किंग बघून घेणं दोन्हीकडं लागतंच. आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला हे कुणी शिकवायला नको, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट धोक्याची पातळी आणि २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, घर घेताना पूररेषा विचारायची सवय आपल्याला आहेच, ती तिकडं गेल्यावर का सोडायची?

हवेचा मुद्दा पुण्याला देऊन टाकतो. मुंबईचा घाम सगळ्यांना झेपत नाही, पुण्याची थंडी आपल्यासारखी आहे. झालं.

"मराठी माणूस पुण्यातच टिकतो, मुंबईत संपला." हे वाचून मात्र मला राग आला. २०११च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे साधारण एक तृतीयांश होते, सव्वा कोटीच्या शहरात याचा अर्थ चाळीस लाखांच्या वर मराठी माणसं, तेव्हाच्या सगळ्या पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाख होती. आणि आपला मुंबईशी संबंध काय आजचा आहे? आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगडची माणसं गिरणीत कामाला गेली, लालबाग-परळला गावकीच्या खोल्या होत्या, एका खोलीत गावची वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, खानावळीत जेवायची आणि मनिऑर्डर गावाकडं यायची. त्या पैशावर आमच्याकडं विहिरी खोदल्या गेल्या, पोरं शिकली. १९८२च्या संपानंतर ते सगळं मोडलं, कित्येक घरं रस्त्यावर आली, पण नातवंडं आज डोंबिवली, मुलुंड, कळव्याला आहेत आणि गणपतीला, जत्रेला गावात दिसतात. नवीन पोराला पहिले दोन महिने ओळखीच्या घरात काढता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि चंदगड-आजऱ्याच्या पोराला ती पुण्यापेक्षा मुंबईत जास्त सहज मिळते. तुमचं कोण कुठं आहे हे धरा निर्णयात.

मुलींच्या सेफ्टीबद्दल थोडंच लिहितो कारण यावर ठोकून लिहिणं बरोबर नाही. २०२५च्या फेब्रुवारीत स्वारगेट स्टँडवर उभ्या एसटीत तरुणीवर जो अत्याचार झाला त्यानंतर तरी "पुणं म्हणजे सेफ" असं डोळे मिटून लिहू नये. म्हणून पुणं वाईट असं मी म्हणत नाही. पण रात्री साडेदहाला शिफ्ट संपल्यावर मुलगी घरी कशी येणार हे विचारा. मुंबईत तेव्हा स्टेशन जागं असतं, लेडीज डबा असतो, सोबत पन्नास बायका असतात. पुण्यात त्या वेळेला सिटी बस कमी होतात, मग एकटीनं टू-व्हीलर नाहीतर कॅब. ठाण्याची ऑफर सोडायला लावणाऱ्यांनी हा विचार केला होता का?

राहिली शेवटची ओळ, "कोल्हापुरात थांबलात तर संपलात". धंदा कुठला आहे त्यावर आहे हो. ऑटोमोबाईल, मशीन शॉप, आयटी असेल तर पुणं, मी स्वतः सांगेन जा म्हणून. बँकिंग, शेअर बाजार, शिपिंग, जाहिरात, सिनेमा असेल तर मुंबईला पर्याय नाही. पण फौंड्रीवाल्या, म्हणजे धातूच्या ओतकामातल्या पोरानं शिरोली-गोकुळ शिरगाव सोडून पुण्यात कशाला धडपडायचं, इथली कास्टिंग तिकडच्या कंपन्यांना जातात, धातूचं काम ज्याला खरंच शिकायचंय त्याला उद्यमनगरात जे शिकायला मिळतं ते तिकडं एसीत बसून मिळणार नाही. पगार सुरुवातीला कमी असतो हे कबूल, पण भाडं शून्य आणि दुपारी घरचं जेवण, हे धरून हिशोब करा. आणि वकिलीच्या पोरांनी तर आता हा मेसेज ऐकूच नये. इतकी वर्षं हायकोर्टाचं काम म्हणजे मुंबईच होती, पक्षकार रात्रभर प्रवास करून तारीख गाठायचे. वकिलांनी किती आंदोलनं केली त्यासाठी. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं चालतात. ज्युनिअर म्हणून उभं राहायला याच्याइतकी चांगली वेळ आमच्या पिढीतल्या कुठल्या वकिलाला मिळाली नव्हती, आणि नेमक्या अशा वेळी कुणीतरी पुण्यात बसून "संपलात" लिहितो आणि आपण ते पुढं ढकलतो.